सूत जुळेना

सरळ माणसाबद्दल आपल्याकडे आदर कमी आणि कीव जास्त आहे. ‘स्वभावानं अगदी सरळ हो!’ असं कोणी कोणाबद्दल म्हणालं, की पुढचं वाक्य ‘म्हणून तर भावांनी वावर लाटलं’ असं येणार हे ठरलेलं. उलट, एखादा ‘सुतासारखा सरळ आला’ असं ऐकलं, तर मधल्या काळात त्याला कुठेतरी बराच चोप मिळालेला आहे हे वेगळं सांगावं लागत नाही. म्हणजे सरळपणा जन्मतः असला तर भाबडेपणा, आणि मागाहून आला तर शिक्षेचा परिणाम. समजून-उमजून, स्वखुशीनं कोणी सरळ झाल्याची नोंद आपल्या भाषेनं घेतलेली दिसत नाही.

मला याचं विशेष वाटायचं कारण माझा पोटापाण्याचा धंदाच सरळ रेषेचा होता. एकतीस वर्षं मी मेहकरच्या पोरांना भूमिती शिकवली. युक्लिडचं एक गृहीतक आहे : सगळे काटकोन एकमेकांशी समान असतात. मी ते शंका न घेता शिकवलं आणि पोरांनी शंका न घेता पाठ केलं. शंका घेण्यासारखं त्यात काही आहे असं मुळात कोणाला वाटलंच नाही. ते वाटायला मला सेवानिवृत्त व्हावं लागलं, आणि आमच्या गल्लीतल्या सुताराच्या दुकानात एक नवा बँडसॉ यावा लागला.

बँडसॉ म्हणजे काय हे ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. एकावर एक अशी दोन चाकं, आणि त्या दोन्हींवरून फिरणारा पोलादी पट्टा. पट्ट्याच्या एका कडेला दात. मधोमध लोखंडी टेबल, आणि टेबलाच्या पोटातून पट्टा खाली जातो. रहाटाची माळ जशी पाणी आणीत फिरते, तशी ही करवत लाकूड खात फिरते. हात-करवतीचा निम्मा वेळ मागे जाण्यात जातो. ही कधी मागे जातच नाही. पूर्वी मोठा ओंडका फाडायचा म्हणजे दोन माणसं लागत, एक वर आणि एक खाली. वरच्याला रेघ दिसे, खालच्याला फक्त भुसा. फिरत्या पट्ट्याची कल्पना एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीलाच निघाली होती, पण पट्ट्याची दोन टोकं टिकाऊ जोडणं कोणाला जमेना. ते जमवलं क्रेपां नावाच्या एका फ्रेंच बाईनं. तिचा पेटंटचा अर्ज १८४६ सालचा आहे. तुटलेलं जोडण्याची विद्या बाईमाणसाला सुचावी यात आमच्या घरी कोणाला आश्चर्य वाटलं नाही.

आमच्या गल्लीतले मिस्त्री सत्तरी ओलांडलेले. त्यांचा मुलगा आयटीआय केलेला, तिशीतला, हातात मोबाइल आणि डोक्यावर बँकेचं कर्ज. ते कर्ज या बँडसॉसाठीच काढलेलं. कारखाना गुजरातेतला, नाव सांगत नाही, कारण पुढं त्यांच्याविषयी चार शब्द यायचे आहेत. समृद्धी महामार्गाचा नागपूर-शिर्डी टप्पा डिसेंबर २०२२ मध्ये सुरू झाला आणि मेहकरला त्या रस्त्यावर चढा-उतरायची सोय झाली. त्या सोयीनं यंत्र सकाळी आठला मेहकरच्या वेशीशी येऊन ठेपलं, आणि वेशीपासून गल्लीपर्यंत यायला त्याला दुपारचे तीन वाजले. उतरवायला आठ माणसं होती आणि सूचना द्यायला चाळीस. चाळिसांत मीही होतो.

पहिलं भांडण फरशीशी झालं. यंत्र शहाबादी फरशीवर ठेवलं, बटण दाबलं, आणि ते नंदीबैलासारखं मान डोलवू लागलं. पोरानं कारखान्यातल्या माणसाला व्हिडिओ कॉल लावला. त्यानं यंत्राकडे न बघताच निदान केलं, ‘‘तुमची जमीन वाकडी आहे.’’ ‘नाचता येईना अंगण वाकडं’ ही म्हण आपण नाचणारीच्या फजितीसाठी वापरतो. पण ज्यानं ती रचली त्यानं अंगणावर पाणसळ ठेवून पाहिली होती का, हे कोणी विचारलेलं नाही. अंगणं वाकडी असतात हो! पोरानं पाणसळ ठेवली, तर बुडबुडा फटकन एका कडेला जाऊन बसला. कारखानावाला खरा निघाला. मिस्त्रींनी पायाखाली बाभळीची पाचर ठोकली आणि यंत्र शांत झालं. तीन पायांची तिवई कुठंही ठेवा, कधी डुगडुगत नाही. चौथा पाय आला की कुरबूर सुरू होते. वर्गात मी हे ‘तीन बिंदूंतून एकच प्रतल जातं’ अशा शब्दांत सांगत असे. पोरं जांभया देत.

दुसरं भांडण चाकांचं. वरचं आणि खालचं चाक एकाच पातळीत हवं. एक पुढं, एक मागं असेल तर पट्टा पिळवटतो. आता मधे टेबल आडवं येत असताना हे पाहायचं कसं? मिस्त्रींनी खिशातून सूत काढलं. एक टोक वरच्या चाकाच्या कडेशी, दुसरं खालच्या, आणि मध्ये ताणलेला पांढरा दोरा. वाचकांना इथं मराठी भाषेचं कौतुक करायला मी मुद्दाम थांबवतो. सुताराचं सूत म्हणजे दोरा. सुताराचं सूत म्हणजे इंचाचा आठवा हिस्साही. आणि दोन माणसांचं जमलं म्हणजेही सूत जुळलं. इथं तिन्ही एकदम होते : सूत लावून पाहिलं तर वरच्या चाकाचं खालच्या चाकाशी एक सुतानं सूत जुळत नव्हतं.

‘‘मशीन वाकडी हाय,’’ मिस्त्री म्हणाले. त्यांच्या आवाजात दुःख नव्हतं.

‘‘बाबा, मागं एक स्क्रू असते. त्यानं वरचं चाक झुकते. ते लावाचं असते आपल्यालेच,’’ पोरगा म्हणाला.

‘‘एवढे पैसे देऊन वाकडी आनाची, आन् आपूनच सरळ कराची?’’

या प्रश्नाला उत्तर नव्हतं. मुलीचं लग्न झाल्यावर जावयाबद्दल मिस्त्रींनी हेच वाक्य म्हटल्याचं मला आठवतं.

स्क्रू फिरवून चाकं जुळवली, पट्टा चढवला, हातानं चाक फिरवलं. इथं मला एक गोष्ट कळली आणि माझी त्या रात्रीची झोप गेली. चाकावर रबराची पट्टी असते, आणि ती सपाट नसते. मध्यावर किंचित फुगीर असते. मी म्हटलं, हाच दोष असणार. फुगवट्यावरून पट्टा घसरणारच. पोरगा हसला. फुगवटा आहे म्हणूनच पट्टा टिकतो म्हणे! चाक अगदी सपाट असेल तर पट्टा वाटेल तिकडे भटकतो आणि शेवटी उतरून पडतो. फुगीर असेल तर तो आपोआप सगळ्यांत उंच जागा शोधून मध्यावर येऊन राहतो. कारण असं की उतारावर पडलेला पट्टा किंचित वाकतो, आणि वाकल्यामुळे चाकावर नव्यानं येणारा त्याचा भाग उंच बाजूला झुकून पडतो. असं करत करत तो वर चढतो. पिठाच्या गिरणीच्या जुन्या सपाट पट्ट्याची पुलीसुद्धा अशीच फुगीर असायची. लहानपणापासून दळण घेऊन गिरणीत उभा राहत आलो, पण डोळ्यांत पीठ गेल्यामुळे असेल, हे दिसलं नव्हतं.

म्हणजे पट्टा सरळ चालावा म्हणून चाकाला मुद्दाम वाकडं करायचं! आणि दातांचं तर विचारूच नका. हात-करवतीचा एक दात डावीकडे वळवलेला, पुढचा उजवीकडे. सगळे दात सरळ ठेवले तर करवत लाकडात आवळून बसते. डावे-उजवे सारखे असले की मधली वाट सरळ निघते. विधानसभेत हेच तत्त्व का चालत नाही याचा मी बराच विचार केला. बहुधा तिथं दात जास्त आणि लाकूड एकच असावं.

तिसरं भांडण लहान होतं. पट्ट्याच्या दोन्ही बाजूंना त्याला आधार देणारे गट्टू असतात आणि पाठीमागं एक बेअरिंग. ते पट्ट्याला चिकटलेले नकोत, लांबही नकोत. पट्टा मोकळा फिरताना स्पर्श नाही, लाकूड रेटलं की आधार. हे अंतर किती? कागदाच्या जाडीइतकं. पोरानं दहाची नोट मधे सरकवून अंतर लावलं. आम्ही घरात तरुण सुनेपासून किती अंतर ठेवावं यावर दिवाळी अंकांत जे लेख वाचतो त्यांत इतकं नेमकं माप कुठं दिलेलं नसतं. मिस्त्रींनी ती नोट लगेच मागून घेतली.

यानंतर टेबल पट्ट्याशी काटकोनात लावायचं होतं, आणि तिथून खरी गोष्ट सुरू होते.

सुताराच्या काटकोनाला गुण्या म्हणतात. गवंडी, सुतार एखाद्या भिंतीबद्दल ‘गुण्यात आहे’ म्हणतात तेव्हा तिला याहून मोठं प्रशस्तिपत्र नसतं. माणसं गुण्यागोविंदानं राहतात त्यातला गुण्या हाच की काय, हे मला माहीत नाही. गोविंद मात्र कोण हे कोणीच सांगत नाही. मिस्त्रींचा गुण्या त्यांच्या वडलांचा. शिसवी मूठ, पोलादी पातं, पितळी रिबिटा. खंडेनवमीला सगळ्या हत्यारांची पूजा होते, पण पहिलं हळदीकुंकू गुण्याला. आतल्या कोपऱ्यात साठ-सत्तर वर्षांच्या हळदीकुंकवाचा थर बसून त्याला गाभाऱ्यातल्या पायरीची कळा आली होती. पोरानं तो टेबलावर उभा धरला, पट्ट्याशी भिडवला, टेबल किंचित झुकवून दोन्हींच्या मधली फट घालवली आणि नट आवळले. गुण्या म्हणाला बरोबर, म्हणजे बरोबर.

लग्नसराईतली सहा चौरंगांची मागणी होती. पाय बँडसॉवर कापले, भराभर, हात-करवतीच्या दहापट वेगानं. चौरंग जुळवून जमिनीवर ठेवला तर डुगडुगला. दुसरा ठेवला. डुगडुगला. सहाच्या सहा. नवरदेवाला बसवलं असतं तर मंगलाष्टकं संपेपर्यंत तो होकार-नकार दोन्ही देत राहिला असता.

‘‘म्या पह्यलेच सांगतलं. मशीन वाकडी हाय,’’ मिस्त्री म्हणाले.

‘‘बाबा, तुमच्या गुण्यानंच तं लावली!’’

‘‘मंग गुण्या वाकडा हाय म्हन्तं का तू?’’

पोरगा गप्प. दुकानात करवतीचा आवाज बंद होताच इतकी शांतता पसरली की समोरच्या हॉटेलातला भज्यांचा आवाज ऐकू आला. मग दोघांनीही माझ्याकडे पाहिलं. ‘‘गुरुजी, तुमीच सांगा.’’

एकोणिसाव्या शतकात व्हिटवर्थ नावाचा एक इंग्रज यंत्रकार होता. अगदी सपाट पत्रा करायचा कसा, हे त्यानं १८४० मध्ये विद्वानांच्या सभेत सांगितलं होतं. दोन पत्रे एकमेकांवर घासून बघितले आणि ते तंतोतंत जुळले तरी ते सपाट आहेत असं म्हणता येत नाही. एक किंचित फुगीर आणि दुसरा तितकाच खोलगट असू शकतो. त्यासाठी तिसरा पत्रा लागतो. तिघंही एकमेकांशी आळीपाळीनं जुळले, तरच तिघंही सपाट. हे वाचलं तेव्हा मला फार आवडलं होतं. कितीतरी नवरा-बायकोंचं, भागीदारांचं, मंत्री-सचिवांचं अगदी छान जुळतं ते अशाच फुगीर-खोलगट हिशेबानं. तिसरा येतो तेव्हा फट दिसते. फक्त तो तिसरा पत्रा आपण असलो की त्यातली गंमत जाते.

मी वेळ मागून घेतली. न्यायाधीश निकाल राखून ठेवतात तशी.

संध्याकाळी मिस्त्री बालाजीच्या आरतीला गेले. (१८८८ साली इथल्या जमिनीतून निघालेली शारंगधराची ती काळ्या पाषाणाची पुरुषभर उंचीहून मोठी मूर्ती ज्यानं पाहिली नाही त्यानं मेहकर पाहिलं नाही. त्या पाथरवटाच्या हातातला गुण्या कसा असेल, हा विचार माझ्या मनात आता दर खेपेला येतो आणि नमस्कार राहून जातो.) ते गेल्यावर पोरानं एक प्लायवूडचा तुकडा काढला. कड रंधून सरळ केली. गुण्या कडेला टेकवून फूटभर रेघ मारली. मग गुण्या उलटा केला, मूठ डावीकडची उजवीकडे, आणि त्याच बिंदूपासून दुसरी रेघ मारली.

गुण्याची परीक्षा घ्यायला दुसरा गुण्या लागत नाही. हे मला भूमितीत एकतीस वर्षं असूनही कधी सुचलं नव्हतं. खरा असेल तर दोन्ही रेघा एकावर एक पडतात. नसेल तर फाकतात. आणि जेवढी चूक असेल त्याच्या दुप्पट फाकतात, कारण एकदा ती एका बाजूला झुकलेली असते आणि एकदा दुसऱ्या. स्वतःला उलटं करून पाहिलं की माणूसही असाच दुप्पट वाईट दिसतो. म्हणून बहुतेक लोक ते करत नाहीत.

फुटाच्या शेवटी रेघा एक सूत फाकल्या होत्या. म्हणजे गुण्या फुटाला अर्धं सूत खात होता.

‘‘कोपऱ्यात कुंकू बसलं, त्याच्यानं असन,’’ पोरगा म्हणाला. तो आशेनं म्हणाला. बारीक पटाशीनं त्यानं कोपरा खरवडून लख्ख केला, फुंकर मारली, पुन्हा रेघा मारल्या. पुन्हा एक सूत. देवाधर्माचा दोष नव्हता. कधीतरी कुठून तरी पडला असेल, रिबीट हलली असेल. वडलांच्या हातून की आजोबांच्या, कोण सांगणार?

पोरगा बराच वेळ दोन रेघांकडे पाहत बसला. मग म्हणाला, ‘‘सर, याचा अर्थ असा का, का बाबांनी आजवर जेवढे दरवाजे केले तेवढे सारे वाकडे?’’

आता माझ्या घराचे चार दरवाजे, दोन खिडक्या आणि देव्हारा मिस्त्रींच्या हातचा. गल्लीत दुसरा सुतार कधी आलाच नाही. एवढे सगळे दरवाजे वाकडे असून कोणाला दिसले नाहीत, हे शक्य होतं का? होतं. चौकट ज्या गुण्यानं केली त्याच गुण्यानं फळी केली, तर दोघांचा वाकडेपणा एकच. दरवाजा गुमान बसणार. सगळी गल्ली एकाच गुण्याची असेल तर वाकडी कोणती वस्तू? बाहेरून आलेली!

हा प्रश्न मेहकरपुरता नाही, पार पॅरिसपर्यंत पोचलेला आहे. १८८९ पासून जगातलं किलोग्रॅम म्हणजे पॅरिसजवळच्या सेव्र गावी तिजोरीत ठेवलेला प्लॅटिनम आणि इरिडियमचा एक ठोकळा. त्याच्या प्रती देशोदेशी दिलेल्या. आपली ५७ क्रमांकाची, दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेत. शंभरेक वर्षांनी मूळ ठोकळा आणि त्याच्या प्रती ताडून पाहिल्या तर त्यांच्यात सुमारे पन्नास मायक्रोग्रॅमचा फरक पडलेला. एवढ्या वजनानं भाजीवाल्याचा काटा हलणार नाही. पण मग हलकं कोण झालं? मूळ की प्रती? मूळ चुकूच शकत नाही, कारण ते जेवढं असेल तेवढंच किलो अशी व्याख्या. तिजोरीतला तो ठोकळा आणि मिस्त्रींचा गुण्या यांची जात एकच. दोघांनाही उलटवून बघायची सोय नव्हती; एकाला कायद्यानं आणि दुसऱ्याला भक्तीनं. शेवटी २० मे २०१९ पासून त्या ठोकळ्याला निवृत्त केलं आणि किलोची व्याख्या प्लांकच्या स्थिरांकावर नेऊन बसवली. त्याच्यापाशी आता कोणाला हळदीकुंकू घेऊन जाता येत नाही.

पोराचा प्रश्न मात्र मोजमापाचा नव्हताच. त्याला विचारायचं होतं ते हे, की बाबांना सांगायचं का? सांगावं, तर सत्तरी ओलांडलेल्या माणसाला सांगायचं की ज्याला तू वडलांची खूण म्हणून कपाळाशी लावतोस तो आयुष्यभर तुझ्याशी खोटं बोलला. न सांगावं, तर यंत्रावरचा आळ तसाच राहतो. ‘सत्य बोला, प्रिय बोला’ हे एका दमात सांगणाऱ्यांनी दोन्ही एका वेळी जमेनासं झालं तर काय, हे बहुधा पुढच्या पानावर लिहिलं असावं आणि ते पान फाटलं असावं. माझं मत विचाराल तर, पोराला चूक माहीत असणं भाग होतं. तिची दवंडी पिटणं भाग नव्हतं. पण हे मत मी त्याला लगेच दिलं नाही. मला आधी घरी जायचं होतं.

रात्री जेवण झाल्यावर मी सूत घेऊन आमच्या मधल्या दरवाजापाशी उभा राहिलो. काटकोन तपासायला गुण्या नसला तरी कर्ण असतात. समोरासमोरच्या बाजू सारख्या असून दोन्ही कर्णही सारखे भरले तर चौकट गुण्यात आहे. एका वरच्या कोपऱ्यात सुताचं टोक हिनं धरलं (‘‘भिंत मोजून हिस्से पाडायचेत का?’’ असं विचारून), दुसरं मी खाली धरलं, गाठ मारली. मग दुसरा कर्ण. गाठ बरोबर कोपऱ्यावर आली. पुन्हा मोजलं. पुन्हा बरोबर. चारही दरवाजे आणि दोन्ही खिडक्या झाल्या. देव्हारा राहिला, कारण देव झोपले होते. एकही चौकट अर्ध्या सुतानंसुद्धा चुकलेली नव्हती.

वाकड्या गुण्यातून सरळ दरवाजे! इथून वीसएक किलोमीटरवर लोणारला उल्का पडली. ती काही ओळंबा लावून पडली नसणार, तिरपीच आली असणार. तरी काळ्या फत्तरात पावणेदोन किलोमीटरहून रुंद असा जवळजवळ गोल खड्डा झाला. तिरप्या माऱ्यातून गोल खड्डा कसा होतो हे शास्त्रज्ञ सांगतात. हे कोण सांगणार?

दुसऱ्या दिवशी मी दुकानात जाऊन बसलो आणि मिस्त्रींच्या हातांकडे पाहत राहिलो. दुकानात मी वर्षानुवर्षं बसत आलो आहे, पण तेव्हा मी पेपर वाचत असे. त्यांनी सागाची फळी घेतली. गुण्या टेकवून बारीक रेघ मारली. मग गुण्या उलटा केला, त्याच खुणेवर टेकवला, दुसरी रेघ मारली. पेन्सिल कानावर. करवत घेतली आणि दोन्ही रेघांच्या बरोबर मधून चालवली.

‘‘मिस्त्री, रेघा दोन काहून मारता?’’

‘‘दोनच माराच्या असतात गुरुजी. माह्या बापानं तसंच शिकोलं. एक मारली तं कानाखाली देत होता. म्हने, एका रेघीचा भरोसा नाई.’’

‘‘म्हणजे गुण्यात काही फरक हाय का?’’

मिस्त्रींनी करवत थांबवली. मी त्यांच्या दिवंगत वडलांबद्दल काही वावगं बोललो असावं अशा नजरेनं त्यांनी माझ्याकडे पाहिलं. ‘‘गुन्यात काहून फरक असन? गुन्या बरोबरच हाय.’’

पोरगा बँडसॉमागून माझ्याकडे पाहत होता. त्यानं ही दोन रेघांची पद्धत लहानपणापासून पाहिली होती आणि म्हाताऱ्या माणसाची सवय म्हणून सोडून दिली होती. आयटीआयमध्ये एकच रेघ मारायला शिकवतात. तिथले गुण्ये नवे असतात. आज्याला फरक माहीत होता की त्यालाही त्याच्या आज्यानं कानाखाली देऊनच शिकवलं होतं, हे आता कळायला मार्ग नाही. पण श्रद्धा गुण्यावर आणि भरवसा मात्र दोन रेघांच्या मधल्या जागेवर, अशी ही सोय कोणीतरी केव्हातरी करून ठेवली होती, आणि तिच्यावर आमच्या गल्लीचे दरवाजे उभे होते. मोठ्या माणसांच्या वचनांचं आपण बहुतेक वेळा हेच करतो. पाया पडतो, दुसरी रेघ मारतो, आणि मधून कापतो.

त्याच दुपारी पोरानं दोन रेघांचा मध्य धरून टेबल पुन्हा लावलं. चौरंगांचे पाय नव्यानं छाटले. एक सोडून पाच चौरंग गुमान बसले. सहावा फरशीच वाकडी असल्यामुळे हलत होता, तो जागा बदलल्यावर बसला.

एक भांडण मात्र उरलं होतं. लांब फळी सरळ चिरायला लागलं की पट्टा एका अंगाला ओढ घेई. पट्ट्याच्या एका बाजूचे दात जरा जास्त धारदार असले की असं होतं. फळी ज्या पट्टीला टेकवून रेटायची ती पट्टीच पोरानं मग पट्ट्याच्या ओढीइतकी तिरपी लावली. आधी एका फळीवर रेघ मारायची, हातानं सांभाळत रेघेवरून कापायचं, अर्ध्यावर थांबायचं, फळी ज्या तिरकसपणानं उभी असेल तो टेबलावर खुणेनं टिपायचा, आणि पट्टी त्या खुणेला लावायची. फळी सुतासारखी सरळ चिरली गेली.

मिस्त्री खवळले. ‘‘दांडी वाकडी ठेवून सरळ कापाचं? हे कोन्तं शास्त्र?’’

पोरगा बोलला नाही. मला मात्र तोंड आवरणं जड गेलं. मला विचाराल तर त्यात अशास्त्रीय काही नव्हतं; वाकड्याशी जुळवून घेण्यात कमीपणा नाही, किती वाकडं आहे हे माहीत असेल तर. भीती दुसरीच आहे. पट्टा महिन्या-दोन महिन्यांत बोथट होतो, नवा चढतो, त्याची ओढ वेगळी. तेव्हा पट्टी पुन्हा लावायला हवी. आपल्याकडे पट्टा बदलतो आणि पट्टी तशीच राहते. कोणा खाष्ट साहेबाच्या ओढीला जुळवून लावलेल्या कचेऱ्या मी पाहिल्या आहेत. साहेब जाऊन वीस वर्षं झाली, फायली अजून तिरप्याच चालतात. एका घरात जेवताना कोणी बोलत नाही. का, तर आजोबांना चालत नसे. आजोबांना जाऊन घरात तिसरी पिढी आली. पोरानं मात्र यंत्राच्या अंगावर खडूनं तारीख लिहून ठेवली : पट्टा कधी चढवला, पट्टी किती तिरपी.

दसरा जवळ आला. खंडेनवमीला मिस्त्रींनी हत्यारं पुसून मांडली. रंधे, पटाशा, वाकस, करवती. गुण्या हातात घेतला, डोळ्यांजवळ नेला आणि अंगठा कोपऱ्यात घातला.

‘‘कोपरा कोनं खरवडला?’’

पोरगा भुसा झाडायला लागला. मी पेपर उघडला.

मिस्त्रींनी आणखी काही विचारलं नाही. हळद कालवली, कुंकू कालवलं, बोट बुडवून कोपऱ्यात नीट दाबलं, पहिल्यापेक्षा थोडं जास्तच. मग वाटी पोरापुढं केली.

‘‘मशीनीलेही लाव.’’

‘‘बाबा, पट्ट्याले हळद लागली तं पट्टा सरकन.’’

‘‘मंग दात सोडून लाव,’’ मिस्त्री म्हणाले.